घामाचे दाम मागायचे, तर घामाचे तास मांडा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रकात आमच्या नावापुढे ‘कापूस-ज्वारीचे भाव’ असा विषय छापला आहे. त्या विषयावर बोलायला आम्ही ही वही घेऊन उभे आहोत. पोरांची शाळेची साधी शंभर पानी वही. कडेला चहाचे डाग आहेत, दोन पानांवर फवारणीचं औषध सांडलेलं आहे. भावाचं भाषण आणि पोरांची वही, याचा मेळ काय, असं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर दिसतं आहे. तोच मेळ सांगायचा आहे.

‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा चाळीस वर्षांहून जास्त काळ आपण देतो आहोत. आम्हीही दिली. रस्त्यावर बसून दिली, पोलिसांच्या गाडीत बसूनही दिली. पण एकदा एका कॉलेजातल्या पोराने आम्हाला सरळ विचारलं, “एक क्विंटल कापसात तुमच्या घरचा घाम किती?” आम्ही म्हणालो, “लई.” तो म्हणाला, “लई म्हणजे किती तास?” तिथं आमची बोलती बंद झाली. सरकीच्या पाकिटाचा दर तोंडपाठ होता. खताच्या गोणीचा, औषधाच्या बाटलीचा, मजुरांच्या रोजाचा हिशोब होता, कारण तो पैसा खिशातून गेला होता. घरची चार माणसं मृगापासून संक्रांतीपर्यंत राबली, त्याचा कागद कुठंच नव्हता.

गंमत पाहा. ‘तास’ हा शब्द आपल्याकडे घड्याळाचा आहे तसा वावराचाही आहे. डवरा धरला की आपण तासं मोजतो. “आणखी दहा तासं राहिली, मग बैल सोडू,” असं म्हणतो. वावरातली तासं बिनचूक मोजणारा शेतकरी घड्याळाचा तास मात्र मोजत नाही. वर्षाचा हिशोब आपला पक्का आहे. मृग कसा लागला, आर्द्रा कोरडी गेली का, हस्ताने किती झोडपलं, हे दहा-दहा वर्षांचं सांगता येतं. पण काल दिवसभर काय केलं, असं विचारलं तर उत्तर येतं, “वावरातच होतो की!”

मोजणारा काय मोजतो

आपल्या मालाच्या किमतीची शिफारस दिल्लीत होते. १९६५ साली कृषी मूल्य आयोग बसला, १९८५ साली त्याच्या नावात ‘खर्च’ हा शब्द आला. नाव बदलून काय झालं, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आज एवढंच लक्षात घ्या, की आयोग खर्चाचे आकडे हवेतून काढत नाही. १९७०-७१ पासून केंद्राची पीक-खर्च पाहणीची योजना चालू आहे आणि ती राज्याराज्यांतल्या कृषी विद्यापीठांमार्फत चालते. पाहणीसाठी निवडलेल्या गावांच्या गटातून दहा शेतकरी धरतात. जमिनीच्या आकाराप्रमाणे पाच गट आणि प्रत्येक गटातले दोन. पाहणीदार त्यांच्याकडे वर्षभर जातो आणि कामाची नोंद करतो. त्या नोंदीचा जो तक्ता होतो, त्यात हेक्टरमागे मनुष्यतास लिहिलेले असतात. घरच्यांचे वेगळे, सालदाराचे वेगळे, रोजंदारीचे वेगळे.

म्हणजे सरकार आपले तास मोजतं. आपण मोजत नाही.

आता या मोजणीचे प्रकार ऐका. खिशातून गेलेला पैसा आणि खंडाने जमीन केली असेल तर तो खंड, याला ते ‘ए-२’ म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या कामाची मजुरी धरली, की ‘ए-२ अधिक एफएल’ होतं. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरलं, की ‘सी-२’ होतं. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली सांगितलं, की आधारभाव उत्पादन खर्चाच्या किमान पन्नास टक्के जास्त असावा. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात सरकारने दीडपट भावाची घोषणा केली, पण ती दीडपट ‘ए-२ अधिक एफएल’ वर. आपलं मागणं सी-२ चं आहे आणि त्यासाठीचं भांडण चालूच राहील.

पण भांडण चालू असताना आज जो हिशोब लागू आहे, त्यात आपण किती गमावतो ते बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा ‘ए-२ अधिक एफएल’ खर्च क्विंटलला ५१४० रुपये धरला आणि आधारभाव ७७१० रुपये जाहीर झाला. संकरित ज्वारीचा खर्च २४६६ धरला आणि भाव ३६९९. दोन्ही ठिकाणी बरोबर दीडपट आहे, घरी जाऊन गुणाकार करून पाहा. आता या हिशोबातला ‘एफएल’ म्हणजे तुमच्या-आमच्या घरची माणसं. त्यांच्या कामाचा एक रुपया सरासरीतून गळला, तर भावातून दीड रुपया गळतो. तो एका शेतकऱ्याचा गळत नाही. देशभर एकच आधारभाव, म्हणून सगळ्यांचा गळतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी असा पाहणीदार यायचा. माणूस सज्जन होता, सायकल-मोटार काढून ऊन-पावसात यायचा. तो विचारायचा, “मागच्या आठवड्यात निंदायला घरचं कोण कोण होतं?” घरधनी तंबाखू मळत म्हणायचा, “घरचंच आहे, त्याचं काय लिहायचं? लिहा दोघं जण, दोन दिवस.” त्या आठवड्यात त्या वावरात घरच्या तिघी होत्या, पाच दिवस. आम्ही बांधावरून पाहत होतो. यात पाहणीदाराचा दोष काय? मालकानेच आपल्या घरची मेहनत सुपातून पाखडून टाकली. पाहणीतल्या घराने असं केलं, की ते एका घरापुरतं राहत नाही.

कुणी असं समजू नये, की आपल्या या वह्या उद्या आयोगाच्या तक्त्यात जाऊन बसतील. तसं होणार नाही. त्यांचा नमुना त्यांचा आहे. पण आयोग शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बोलावतो, प्रश्नावल्या पाठवतो, राज्य सरकारंही आपली शिफारस कळवतात. तिथं आपला माणूस गेला, की आजवर तावातावाने बोलून परत यायचा. त्याच्या पिशवीत या जिल्ह्यातल्या पन्नास घरांच्या वह्या असल्या, तर त्याला आवाज चढवावा लागणार नाही. शरद जोशींनी आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत आधी स्वतः शेती करून खर्च मांडला आणि मग भावाचं आंदोलन उभं केलं. आपण त्यांचं आंदोलन उचललं, खर्च मांडायची वही तेवढी खाली ठेवली.

आमची फजिती

पहिल्या वर्षी आम्ही अतिशहाणपणा केला. बसस्टँडवर पुस्तकं मिळतात ना, वेळेचं नियोजन करा आणि यशस्वी व्हा, पहाटे पाचला उठा आणि श्रीमंत व्हा? तसलं एक वाचून सकाळपासून पाच-पाच मिनिटांची नोंद करायला लागलो. वैरण टाकली दहा मिनिटं, दूध काढलं पंधरा मिनिटं. आठव्या दिवशी वही मागे पडली. हाताला माती लागलेली असताना पेन कोण धरणार? आणि पहाटे पाचला उठण्याचं म्हणाल, तर आमच्या घरच्या बाया चारला उठतात. श्रीमंत झालेली त्यातली एकही अजून पाहण्यात नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही गावातल्या सहा घरांनी मिळून सोपं केलं. रात्री जेवण झालं, की वही उघडायची. एका माणसाला एक ओळ. कोण, कोणत्या वावरात, काय काम, किती तास. अर्ध्या तासाच्या खाली जायचं नाही. लिहायला घरातलं शाळेत जाणारं पोर. दहा मिनिटांत काम संपतं.

तरी पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. एका घरी वहीत फक्त बाप आणि मोठा मुलगा, दोघांच्याच ओळी. आम्ही वही बघायला गेलो, तेव्हा वहिनी चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, “काहून भाऊ, ढोरं पाण्यावर नेल्याचं लिवलं तुमी, माही सकाळ कोठी लिवली?” आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. पदराला हात पुसत उठल्या आणि बोटं मोडून सांगायला लागल्या. सकाळी शेण-झाडलोट, पाणी, स्वयंपाक. मग भाकरी घेऊन वावरात. अकरापासून साडेपाचपर्यंत निंदण. येताना डोक्यावर गवताचा भारा. मग परत चूल. पोराने लिहून घेतलं आणि बेरीज केली. नुसते वावरातले साडेसहा तास झाले. बापाच्या ओळीत त्या दिवशी वावरातले चार होते.

त्या रात्रीपासून आमच्या सगळ्या वह्यांत प्रत्येक बाईची ओळ वेगळी आहे. घरकामाचा रकाना एक आणि वावराच्या कामाचा दुसरा. पीक-खर्चात दुसराच रकाना जातो, हे आम्ही बायांना स्पष्ट सांगितलं. पण पहिला रकानाही लिहायचा, हा त्यांचाच आग्रह आणि तो बरोबर होता. सरकारने २०१९ साली पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं आणि पुरुषाची ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचं एवढं मोठं अधिवेशन झालं. त्याला चाळीस वर्षं होत आली तरी आमच्या सहा घरांतल्या पुरुषांना बाईची ओळ आपणहून सुचली नाही, हे इथं कबूल केलेलं बरं. निंदण आणि वेचणी, कापसातली तासखाऊ कामं ही दोन, आणि दोन्ही बायांच्या हातची. त्यांची ओळ नसलेली वही मोडीत घालण्याच्याच लायकीची.

पानाच्या माथ्यावर एक ओळ

नुसते तास लिहून मात्र माणूस कारकून होतो. वहीचा खरा उपयोग आम्हाला पुढं कळला आणि तो आमच्या नुकसानीतून कळला.

त्या वर्षी पेरणीच्या आधी प्रत्येक घराने हंगामाचं एक काम ठरवून पहिल्या पानावर लिहिलं होतं. एकच. आमच्या घराने लिहिलं, ‘पऱ्हाटीची पहिली निंदणी एकविसाव्या दिवसाच्या आत.’ कापसाला पहिले दोन महिने तणाने घेरलं, की पुढं कितीही खत घाला, झाड सावरत नाही. कोरडवाहूत तर जमिनीतली ओल आधी तण पिऊन टाकतं. हे इथं कुणाला शिकवायची गरज नाही. सगळ्यांना ठाऊक आहे आणि दरवर्षी सगळ्यांचीच निंदणी लांबते.

आमचीही लांबली. चौतिसाव्या दिवशी झाली. तोवर कुंदा आणि केना गुडघ्याला आला होता. घरच्यांच्या हाताने आवरेना, तेव्हा वाढीव रोजाने मजूर लावावे लागले. त्या वावरात कापूस कमी झाला तो झालाच. नेहमीप्रमाणे आम्ही पावसाला शिव्या घातल्या. “उघाडच मिळाली नाही.” मग दिवाळीत निवांत बसून वही चाळली. त्या एकवीस दिवसांत उघाडीचे दिवस चांगले नऊ होते. घरधन्याचे गावाबाहेर गेलेले तास ७४ निघाले. त्यातले ३१ पीककर्जापायी. बँकेच्या ओट्यावर, सातबाराच्या रांगेत, परत बँकेच्या ओट्यावर. साहेब नाहीत, शिक्का नाही, उद्या या. ऐन पेरणीत शेतकऱ्याला ओट्यावर बसवणारी ही व्यवस्था ज्याने काढली, त्याने कधी वखर धरला नसावा. १७ तास एका मयतीत आणि एका सोयरिकीच्या बोलणीत. ते टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत.

उरलेले २६ तास कुठं गेले? भावांनो, ते आपल्या बैठकांत गेले. तालुक्याची बैठक, तिची पूर्वतयारी, पत्रकं वाटणं, परत येताना कुणाच्या तरी घरी चहा. शेतकऱ्याच्या घामाला दाम मिळावा म्हणून शेतकऱ्याला निंदणी सोडून आम्हीच बोलावत होतो! ते पान आम्ही तालुक्याच्या कार्यकारिणीपुढे ठेवलं. थोडी कुरबुर झाली. एक जण म्हणाला, “चळवळ म्हटली की संसारावर पाणी सोडावं लागतं.” त्याची निंदणी त्याचे दोघे भाऊ करतात. शेवटी ठराव झाला, की पेरणीपासून पहिली डवरणी-निंदणी उरकेपर्यंत तालुक्याची बैठक नाही. पत्रकं पेरणीच्या आधी वाटायची. म्हणूनच आजची ही बैठक उन्हाळ्यात आहे, हे किती जणांच्या ध्यानात आलं?

कर्जाचंही पुढच्या वर्षी तसंच केलं. कागदपत्रं चैत्रातच गोळा केली आणि सहा घरांचे कागद घेऊन एकच जण गेला. ३१ तासांचे अकरा झाले. शून्य झाले नाहीत. ते शून्य करायला मोर्चाच लागेल.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. ठरवलेलं काम प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहायचं. रात्री तास लिहून झाले, की त्या कामापायी गेलेल्या तासांना गोल करायचा. आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री गोलांची बेरीज. सात दिवसांत गोलच नसला, तर कुणी बोलायची गरज पडत नाही. पोरगंच म्हणतं, “बाबा, या पानावर गोल नाही.” काम पार पडलं, की माथ्यावरची ओळ बदलायची. निंदणी झाली, की पंचेचाळीस दिवसांनंतर कामगंध सापळे लावणं आणि दर आठवड्याला अर्धा तास बोंडं फोडून अळी बघणं. हा अर्धा तास कधीच सापडत नाही अशी आमची समजूत होती. वहीत तो पानपट्टीपाशी पडलेला सापडला.

फरदड आणि राखण

दोन हिशोब मुद्दाम सांगतो, कारण या दोन हिशोबांनी आमची शेतीच बदलली.

पहिला फरदडीचा. डिसेंबर संपला, तरी पऱ्हाटी उपटायला आपला जीव होत नाही. “वर राहिलंय ते फुकटचं आहे,” असं आपण म्हणतो. आता फुकटचं म्हणजे काय ते बघा. पहिल्या-दुसऱ्या वेच्यात बोंडं टपोरी फुटलेली असतात. एक बाई दिवसाला ४० किलो वेचते असं धरा. क्विंटलला अडीच रोज, म्हणजे वीस तास. शेवटी-शेवटी झाडावर कवडीच जास्त. तीच बाई दिवसभर वाकून १६ किलो वेचते. क्विंटलला सव्वासहा रोज, म्हणजे पन्नास तास. रोज ३०० रुपये धरला, तर पहिल्या वेच्याची वेचणी ७५० रुपये आणि फरदडीची १८७५. वर तो माल कवडीचा, व्यापारी त्याला नाक मुरडतो. मजूर लावायचे असते, तर आपण हे कधीच केलं नसतं. घरच्या बायांच्या तासांना मोल नाही असं धरलं, म्हणून फरदड फुकटची वाटली. आणि उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पुढच्या वर्षाची सोय करते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने काय केलं, ते आपण विसरलेलो नाही. आमच्या सहा घरांनी फरदड बंद केली. पाच घरांनी लगेच. सहाव्याने एक वर्ष जास्त घेतलं, त्याच्या बायकोची वही वेगळी लिहायला लागल्यावर.

दुसरा हिशोब ज्वारीचा. हा सांगताना जड जातं. ज्वारी आता परवडत नाही, असं सगळे म्हणतात. का परवडत नाही, याचं उत्तर तालुक्याचा अधिकारी देतो बियाण्याचं आणि व्यापारी देतो भावाचं. आमच्या वहीने उत्तर दिलं पाखरांचं. दाणा चिकात आला, की कापणीपर्यंत दिवस उगवायच्या आधीपासून मावळेपर्यंत माळ्यावर कुणीतरी लागतं. आमच्यातल्या एका घरी ती ओळ सातवीतल्या पोरीच्या नावावर होती. तिने स्वतःच्याच हाताने लिहिलेली. ‘राखण, सकाळी तीन तास. राखण, संध्याकाळी अडीच तास.’ मध्ये शाळा. आणि पुढच्या पंधरवड्यात बाप मजुरीला बाहेरगावी गेला, तेव्हा ‘राखण, अकरा तास.’ सलग नऊ पानं. मध्ये शाळा नाही. बापाने वही पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. दोन एकर ज्वारी त्याने घरच्या भाकरीला आणि बैलांच्या कडब्याला पेरली होती. ती कुणाच्या तासांवर उभी आहे, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. राखणीचे तास म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या अंगावर पडतात आणि त्यांना ‘बसणं’ म्हणतात. “म्हातारा माळ्यावर बसलाय.” बसलेला नाही भावांनो, तो मजुरीवर आहे.

त्याने ज्वारी सोडली नाही. गावात तिघंच ज्वारी पेरणारे राहिले होते, तिघं तीन कोपऱ्यांत. चौफेर सोयाबीन आणि कापूस, मग शिवारातली सगळी पाखरं त्या तीन तुकड्यांवर. पुढच्या वर्षी तिघांनी आणि आणखी दोघांनी मिळून लागून असलेल्या पट्ट्यात, एकाच आठवड्यात ज्वारी पेरली. कणसं एकदमच भरली. माळे दोन केले, पाळ्या लावल्या, मोठ्या माणसांनीच. एका घराच्या वाट्याला राखणीचे तास आधीच्या निम्म्याहून कमी आले. एकदम पेरल्याने खोडमाशीचाही त्रास कमी जाणवला. पोरीच्या नावावर त्या वर्षी राखणीची ओळ फक्त रविवारची आहे.

लिहिताना

काही गोष्टी अनुभवाने सांगतो. तास फुगवू नका. एका पानावर एका माणसाचे अठरा तास दिसले, की बाकीच्या शंभर पानांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. रिकामा दिवस रिकामाच लिहा. फाल्गुन-चैत्रात आमच्या वहीत कोरी पानं आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला उन्हाळ्यात काम नसतं, ही लाजेची बाब नाही. ती या देशाच्या शेतीची स्थिती आहे आणि तिचाही पुरावा लागतो. ज्यांना शेतकरी वर्षभर पारावर बसलेला दिसतो, त्यांना आश्विन-कार्तिकातली पानं दाखवता येतात.

बाजाराचे तासही लिहा. एका खरेदी केंद्रावर आमची गाडी दुपारी लागली आणि काटा दुसऱ्या दिवशी झाला. ती रात्र कापसाच्या खर्चात कुठं धरायची, हे कुणी सांगत नाही. आम्ही ‘विक्री’ असा वेगळा रकाना केला आहे.

घरात लिहिणारं कुणी नसेल, तर चुन्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढा. तासाला एक रेघ, पाचवी आडवी. एका आजींनी तर तुरीचे दाणे गाडग्यात टाकून हिशोब ठेवला. निंदणीचं गाडगं वेगळं, वेचणीचं वेगळं. बाजाराच्या आदल्या दिवशी नातू दाणे मोजून वहीत आकडा घालतो. तो हिशोब आमच्या वहीइतकाच खरा.

आणि रोज लिहा. दोन दिवसांचं एकदम लिहायला बसलात, की “वावरातच होतो की” हेच उत्तर परत येतं.

आता कामाचं. मागच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत, रकाने आखलेल्या. किंमत छपाईपुरतीच आहे. प्रत्येक गावाने निदान पाच घरं ठरवावीत. त्यात एक तरी भूमिहीन किंवा खंडाने करणारं असावं. बायांच्या ओळी नसलेली वही दिवाळीनंतरच्या बैठकीत घेतली जाणार नाही. त्या बैठकीत गावागावांच्या बेरजा एकत्र करू. कापसाच्या क्विंटलमागे घरचे तास किती, ज्वारीच्या किती, आणि ते कागद घेऊन पुढं कुणी जायचं ते तेव्हा ठरवू. वही घेतलेल्यांनी पहिल्या पानाच्या माथ्यावरची ओळ इथंच, घरच्या माणसांना विचारून लिहावी. वहिनी मागे बसल्या आहेत. कुणाला अडलं, तर त्या सांगतील.